स्वकष्टाचा गुलाबी चाफा

९ मार्च २०११

फांदी कुजली! खालून मऊ, काळी, दाबली की पाणी. जाऊबाईंनी त्यांच्या गुलाबी चाफ्याची फांदी दिली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पानसुद्धा तोडू न देणारी बाई, इतक्या सहज देते? नक्की टोक उकळत्या पाण्यात बुडवून दिली असणार. मी तर घरी आणल्या आणल्या लावली. रोज दोन तांबे पाणी घातलं. आणखी काय करायचं माणसाने?

घराची वाटणी झाली आणि चाफा मधल्या भिंतीपलीकडे गेला. वास मात्र भिंत मानत नाही — सकाळी लिंबाच्या सालीसारखा, संध्याकाळी मधासारखा. गुलाबी चाफे बहुतेक नुसते दिसायलाच. हा एकच असा. मला तो हवाय. माझ्या अंगणात, माझा म्हणून.

१३ मार्च

भाऊजींच्या वाढदिवसाला आठ माणसांसमोर बोलून टाकलं. "वहिनी, फांदी उकडून देण्यापेक्षा सरळ नाही म्हणायचं होतं." त्यांचा चमचा बशीतच थांबला. चोराच्या तोंडाला कुलूप!

२ एप्रिल

आमच्या शाळेची बाग बघणारे माळीकाका आज माझ्या प्रयोगशाळेत नळीचा तुकडा मागायला आले. त्यांना फांदीचं रडगाणं ऐकवलं. त्यांचा पहिला प्रश्न — "वाळवली होती का?"

कसली वाळवायची! तर म्हणे चाफ्याची फांदी कापली की चीक पुसायचा आणि दहा दिवस सावलीत टाकायची. जखम सुकली की रेताड मातीत लावायची. पानं फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. "ओली जखम पाण्यात ठेवलीत ताई, कुजणारच."

म्हणजे मीच मारली.

हे म्हणतात, "जा, सांग वहिनीला." सांगते तर! आठ जणांसमोर बोलले, आता शेपूट घालून जाऊ?

६ मे २०१२

वर्ष झालं, भिंतीपलीकडून हाक नाही. आणि आज काय, तर कचरा! आमच्या अंगणात दवाखान्यातल्या पट्टीची पुरचुंडी. जाऊबाई नर्स, तेव्हा कोणाच्या घरची ते विचारायला नको. चिमट्याने उचलली, म्हटलं परत भिरकावते. आतून खडखड वाजलं.

चाफ्याची शेंग! जोडशेंग, बैलाच्या शिंगांसारखी, वाळून तपकिरी. आत पंखवाल्या बिया एकीवर एक. बाईंनी चक्क फेकून दिली! चाफ्याला शेंग धरते कधी नव्हे ती, आणि हिला पत्ताच नाही. दिवसभर हसतेय.

८ मे

भाऊजी सांगत होते, जाऊबाई परवा स्टुलावरून पडल्या, मनगट लचकलंय. विचारायला जावं का? नाही गेले. बिया भिजत घातल्या होत्या.

२९ मे

अकरा उगवल्या! माळीकाकांनी मात्र उत्साहावर पाणी ओतलं — बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. रंग वेगळा, वास असेल, नसेल. तीन-चार वर्षं थांबायचं. थांबू. मी कुठे पळून चाललेय!

१७ जानेवारी २०१४

पानं सगळी गळली. अकरा काठ्या कुंड्यांत उभ्या. हे म्हणतात, "छत्र्या दुरुस्तीला आल्यात का?" हसा. थंडीत चाफा झोपतो. पाणी बंद. हात शिवशिवतात, पण तांब्या कपाटात ठेवलाय — कुलूप लावून, किल्ली ह्यांच्याकडे.

३ ऑगस्ट

पानांखाली नारिंगी भुकटी. तांबेरा. आजारी पानं काढून जाळली. कुंड्या लांब लांब ठेवल्या, वारा खेळायला हवा.

भिंतीपलीकडे कुऱ्हाडीचा आवाज. गटाराचा पाइप बदलायचा म्हणून जुना चाफा तोडला. जाऊबाई दारात उभ्या होत्या. मी गच्चीवरून पाहिलं आणि — खरं लिहिते — आधी मनात आलं, आता माझाच राहिला. मग जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल २०१५

पहिलं झाड फुललं. फिकट गुलाबी, वास शून्य. दुसरं पांढरट. रडले.

१४ मे

सातव्या कुंडीला फूल! कडा गडद गुलाबी, आत जाता जाता फिकट, मध्ये पिवळा गळा. पाकळ्या जाड, बोटाला मेणासारख्या. नाक खुपसलं — लिंबाची साल! संध्याकाळपर्यंत उठबस करत राहिले. सहा वाजता मध! ह्यांना स्वयंपाकघरातून ओढत आणलं, पोळी तव्यावर जळली. जळू दे!

७ जून

पहिला नंबर! फुलांच्या प्रदर्शनात, सत्तावन्न कुंड्यांमध्ये! परीक्षकबाई पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या. अर्जात नव्या वाणाचं नाव हवं होतं. ठसक्यात लिहिलं — 'स्वकष्ट'. तीच पाटी कुंडीला लावली. कोणाच्या फांदीचे उपकार नाहीत!

गर्दीत जाऊबाई. चार वर्षांनी समोरासमोर. वाकून वास घेतला. पाटी वाचली. "छान आलाय," म्हणाल्या, "मुळाशी पाणी साचू देऊ नकोस." बस, एवढंच. गेल्या. जिरली म्हटलं! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

७ फेब्रुवारी २०१६

माझ्या चाफ्याला शेंग धरलीय! माळीकाकांना मुद्दाम बोलावलं. म्हणाले, "पिकत आली, आजच कापड बांधा. तडकली की बिया वाऱ्यावर जातील, एक हाती लागायची नाही. दवाखान्यातली पट्टी सगळ्यात चांगली. विरळ असते, शेंगेला हवा लागते. जुने जाणते तीच वापरतात."

औषधांच्या डब्यातली पट्टी काढली. शेंगेभोवती गुंडाळली. देठाशी दोन गाठी मारल्या.

आणि हात तिथेच राहिला. त्या पुरचुंडीलाही देठाशी दोन गाठी होत्या. झाडावर असतानाच बांधलेल्या. कचऱ्याला कोण गाठी मारतं! आमची भिंत सहा फूट. वहिनींची उंची माझ्याएवढीच. शेंग न फुटता अलगद पलीकडे सोडायची तर स्टुलाशिवाय हात पोचायचा नाही.

८ फेब्रुवारी

पाटी खरवडली. सातव्या कुंडीची सगळ्यात चांगली फांदी कापली, चीक पुसला, सावलीत ठेवली. तिला दहा दिवस वाळायचंय. मला नाही. चपला घातल्यात, निघाले — आधी मनगट कसंय ते विचारायचं, चार वर्षं उशिरा.