न पाहता दिलेली किल्ली

सोमवार, २ मार्च

गाडी विकायची. ठरलं! ठरवलं बायकोने, मी फक्त अनुमोदन दिलं. सत्तावीस वर्षं तीच चालवत आली. मी शेजारी बसून सभेची तयारी करायचो, येताना सभा कशी झाली ते सांगायचो. क्लच कुठल्या पायाने दाबतात, ते मला आजही ठाऊक नाही. आता तिचा उजवा खांदा आखडलाय. केस विंचरायला हात वर जात नाही. डॉक्टरांनी स्टिअरिंगला शिवायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं.

मेहुणा विम्याचा एजंट आहे. म्हणाला, "भाऊजी, डीलरकडे नेऊन टाका. अर्ध्या तासात मोकळे व्हाल."

दलालाकडे? जन्मभर दलालीवर कोरडे ओढले ते ह्यासाठी? वापरणारा वापरणाऱ्याला देईल. समोरासमोर. मध्ये तिसरा नको!

चांगलं वाक्य होतं. पण म्हणून झाल्यावर खुर्चीत बसावं लागलं. हल्ली असंच होतं — वाक्य उभं राहतं, मी बसतो.

बुधवार, ४ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. निवृत्त बँकवाला. बॉनेट उघडून दहा मिनिटं आत पाहत राहिला, बहुधा त्यालाही काही कळत नसावं. छपरावर पूर्वी कर्णा बसवायचो, त्याची दोन भोकं आहेत. पुट्टी भरून वर रंग मारलाय, तरी बोट फिरवलं की लागतात. त्याने बोट फिरवलंच.

"इथं काय होतं?"

"लोकशाही," मी म्हटलं.

"कर्णा होता," बायको म्हणाली. "पाणी गळत नाही."

"कळवतो" म्हणून गेला. कळवणार नाही.

शुक्रवार, ६ मार्च

आज एक अख्खं कुटुंब. बाप चालवणार, आई, दोन मुली आणि सासूबाई मागे बसून बघणार. बायकोने दारातच हात पुढे केला : "आधी लायसन्स." तो जरा वरमला. तिने चष्मा लावून तारीख वाचली, फोनवर फोटो काढला, मग किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसली. सासूबाईंना जागा उरली नाही. त्या माझ्याजवळ थांबून जावयाच्या तक्रारी सांगत राहिल्या. ऐकून घेतल्या. श्रोता होणं किती कष्टाचं आहे!

ते गेल्यावर मी म्हटलं, "हे काय पोलीस ठाणं आहे? दारात आलेल्या माणसाची झडती?"

तिने विमा कंपनीला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. मालकाच्या परवानगीने कोणीही चालवू शकतो, विमा लागू राहतो, पण चालवणाऱ्याचं लायसन्स चालू हवं आणि मालकाने ते पाहिलेलं हवं.

"माणसावर विश्वास नावाची काही चीज असते," मी म्हटलं.

"असते ना. पण ती पॉलिसीत लिहिलेली नाही."

सोमवार, ९ मार्च

एका वायरमनचा फोन. शिडी आणि आई, दोन्ही नेता येईल अशी गाडी हवी म्हणाला. आवाज आवडला. उद्या अकराला येतोय.

मंगळवार, १० मार्च

अपघात. एका शिंप्याला लागलं. आम्ही दोघे ठीक. आज नको.

बुधवार, ११ मार्च

नीट लिहायला हवं.

बायको काल फिजिओथेरपीला गेली होती. जाताना बजावून गेली, "मी येईपर्यंत त्याला बसवून ठेवा. नाहीच थांबला, तर लायसन्स बघा." मी दोन्हीतलं एकही केलं नाही.

वायरमन पस्तिशीचा. बोटांवर चटक्यांचे डाग. मला पाहिलं आणि एकदम हात जोडले. "सर, तुम्ही! संपाच्या वेळी आमच्या गेटवर तुम्ही बोलला होता. मी भिंतीवर चढून ऐकलं होतं." मग काय! गाडीत बसलो, निघालो. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर शिंपी सायकलवरून आला. गाडी त्याच्या मागच्या चाकाला लागली. वेग फार नव्हता. पण तो उजव्या हातावर पडला. मनगटाची दोन्ही हाडं मोडली.

वायरमननेच त्याला उचललं, मागच्या सीटवर निजवलं, हॉस्पिटलात नेलं. तिथे पोलिसाने लायसन्स मागितलं. त्याने ताबडतोब काढून दिलं. मुदत संपून आठ महिने झालेले!

"आईशपथ, सर, माझ्या लक्षातच आलं नाही." चेहरा पांढराफटक.

बायकोने घरी आल्यावर एवढंच विचारलं, "लायसन्स पाहिलं होतं?"

"राहून गेलं," मी म्हटलं.

राहून गेलं नव्हतं.

गुरुवार, १२ मार्च

मेहुणा आला. चहा न घेता बोलला म्हणजे प्रकरण गंभीर.

शिंप्याच्या मनगटात प्लेट बसवावी लागणार. आठ-दहा दिवसांत बसली तर हात पूर्ववत. उशीर झाला तर हाड वाकडं जुळेल, मग कात्री धरता येणार नाही. हॉस्पिटल विमा कंपनीच्या होकारासाठी थांबलंय. शिंप्याच्या ऐपतीबाहेरची गोष्ट, आणि आमच्याही.

"कंपनी देईल की," मी म्हटलं.

"भाऊजी, नीट ऐका. मालकाने लायसन्स पाहिलं आणि समोरच्याने त्याला फसवलं, तर कंपनी देते. न पाहताच किल्ली दिली, तर हात वर करते. मंगळवारी कंपनीचा सर्व्हेअर तुमचा जबाब घ्यायला येईल. तेव्हा सांगायचं — मागितलं होतं, त्याने लांबून दाखवलं, तारीख दिसू दिली नाही. दोन वाक्यं! शिंप्याचा हात वाचला."

"आणि वायरमन?"

"त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा लागेल. जामीन होईल हो."

मी उठलो. म्हटलं, ज्याच्या गेटवर उभं राहून त्याच्या हक्कासाठी बोललो, त्यालाच लबाड ठरवू? एका कष्टकऱ्याचा हात वाचवायला दुसऱ्या कष्टकऱ्याचं तोंड काळं करू? असला चांगुलपणा मला नको!

मेहुणा बहिणीकडे बघून म्हणाला, "टाळ्या वाजवू का?"

शुक्रवार, १३ मार्च

हॉस्पिटलात गेलो. शिंपी खिडकीजवळच्या खाटेवर. पन्नाशीचा, बारीक, गमत्या. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला.

"काल डाव्या हाताने कात्री धरून पाहिली," म्हणाला. "वर्तमानपत्रसुद्धा सरळ कापलं जाईना. बायको म्हणते, आता फक्त झालरीचे कपडे शिवा."

त्याची बायको हसली नाही. मी दिलगिरी व्यक्त करायला लागलो. चार वाक्यं झाली असतील. तिने थांबवलं.

"होकार कधी येणार तेवढं सांगा. बाकी नको."

उतरताना जिन्यात दोनदा बसलो. लोक बघत होते, त्यांना वाटलं असेल नातेवाईक आहे.

शनिवार, १४ मार्च

बायको भाजी चिरताना म्हणाली, डाव्या हाताने, हळूहळू — "मी सांगते. लायसन्स मी पाहिलं, चष्मा नव्हता, तारीख वाचता आली नाही. त्या पोरावर काही येणार नाही, तुमच्यावरही नाही."

"तू फिजिओथेरपीला होतीस. तिथल्या वहीत तुझी सही आहे."

"कोण बघायला जातंय?"

मग मी सुरू झालो. खोट्यावर उभारलेली दयासुद्धा खोटीच असते, आपण हेच जन्मभर सांगत आलो, माणसाची किंमत अडचणीच्या वेळी कळते — असं बरंच. स्वयंपाकघर लहान. आवाज घुमला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

ती चिरत राहिली. शेवटी म्हणाली, "शिंप्याच्या बायकोला हे सगळं जाऊन सांगाल?"

मी पाण्याचा तांब्या भरून घेतला.

"आणि मला एक सांगा," ती म्हणाली. "गाडीत तुम्ही काही बोलत होता का?"

"थोडंफार. रस्त्याबद्दल."

तिने भाजी धुवायला घेतली.

रविवार, १५ मार्च

ही वही कोणी वाचत नाही. इथे तरी!

वायरमनने किल्ली घेण्याआधी मागच्या खिशात हात घातला होता. लायसन्स अर्धं बाहेर आलं होतं. "सर, हे बघून घ्या." मी त्याचा हात धरला. म्हटलं, "ठेव ते आत. जो माणूस आईसाठी गाडी घेतो, त्याचा चेहरा हेच त्याचं लायसन्स!" तो केवढा खूश झाला. आणि मी त्याहून जास्त. पाहिलं असतं तर तारीख तिथेच कळली असती, दोघे चहा पिऊन घरात बसलो असतो.

आणि वळणावर मी रस्त्याबद्दल बोलत नव्हतो. संपाच्या दिवसाबद्दल बोलत होतो. त्यानेच विचारलं, "सर, त्या दिवशी व्यवस्थापकाला तुम्ही काय सुनावलंत?" आणि मी सुनावलं. तेव्हा जसं सुनावलं तसंच, त्याच आवाजात. चार वर्षांत मला कोणी सभेला बोलावलेलं नाही. श्रोता एकच होता, पण डोळे काय होते त्याचे! मी बोलताना तो माझ्याकडे बघत होता. बघतोय हे मला दिसत होतं. रस्त्याकडे बघ, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट आवाज चढवला.

बायको कधी माझ्याकडे बघायची नाही. सत्तावीस वर्षं समोर बघून "हं" म्हणायची. माझं बोलणं तिच्या कानावरून जातं म्हणून किती वेळा रागावलो. सत्तावीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला.

सत्य सत्य म्हणून काल स्वयंपाकघर दणाणून सोडलं. त्यातलं अर्धं सत्य मी तिलाच सांगितलेलं नाही.

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

सोमवार, १६ मार्च

सकाळी मेहुण्याचा फोन : डॉक्टर म्हणतात, शुक्रवारच्या पुढे थांबता येणार नाही.

दुपारी वायरमन आला. आत यायला तयार नव्हता, चपला हातात घेऊन दारात उभा. बायकोने ओढून आत बसवलं, पाणी दिलं, आणि मुद्दाम बाजूच्या खोलीत गेली.

"सर, उद्या काय सांगणार?"

"जे झालं ते. तू लायसन्स दाखवत होतास, मीच नको म्हटलं."

"मग कंपनी देणार नाही ना शिंप्याला?"

"नाही देणार. लढू. वर्गणी काढू. मोर्चा नेऊ कंपनीवर!"

"शुक्रवारपर्यंत?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी त्याचा पेला पुन्हा भरला.

पेला खाली ठेवून तो म्हणाला, "बोलण्याचं काही काढू नका, सर. लोक तुमचं नाव घेतात. आमच्या गेटवर अजून घेतात."

मी "बघू" म्हणालो.

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "बोलण्याचं म्हणजे काय?"

"जुनं काहीतरी," म्हटलं. आणि पडून राहिलो. दिवसाउजेडी, बूट न काढता. उद्या सगळं सांगायचं. दोन्ही गोष्टी. सर्व्हेअरसमोर, बायकोसमोर. पुढचं पुढे.

मंगळवार, १७ मार्च

सर्व्हेअर आला तेव्हा वायरमनचा कागद त्याच्या फायलीत होता. सकाळी कंपनीचं ऑफिस उघडायच्या आधीच वायरमन तिथे जाऊन बसला होता म्हणे. सर्व्हेअरने वाचून दाखवलं : "सरांनी लायसन्स मागितलं होतं. मी लांबून दाखवलं आणि तारखेवर अंगठा ठेवला. गाडीत सर गप्प बसले होते. माझंच लक्ष नव्हतं."

"मालकाची चूक दिसत नाही," तो म्हणाला. "शिंप्याचं ऑपरेशन गुरुवारी होऊन जाईल. ह्या माणसावर मात्र गुन्हा दाखल होणार." मग पेनचं टोपण काढून माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं ना, सर?"

बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो."