गुलेदच्या बदल्यात

बुराओ, सोमालिया, २ फेब्रुवारी १९७६

ती. रोबलेदादास,
दहाबोचा सलाम वि. वि.

तार मिळालीच असेल. आपला धाकटा गुलेद गेला. विहिरीवर उंटांना आधी कोण पाणी पाजणार, यावरून शेजारच्या कुळातल्या समतरशी जुंपली, आणि समतरने सुरा काढला. आई अजून रडलेली नाही. दूध घुसळत बसते. लोणी निघालं तरी थांबत नाही.

दोन्ही कुळांचे वडीलधारे बाभळीखाली निवाड्याला बसलेत; खुनाची भरपाई उंटांत ठरेल म्हणतात. बायकांना तिथे मज्जाव, म्हणून काका सांगतील तेवढंच कळतं. दादा, तुझा राग मला ठाऊक आहे. डोक्यात काही घेऊन येऊ नकोस.

माया असू द्यावी.
तुझी दहाबो

एडन, १२ फेब्रुवारी

चि. दहाबोस अनेक आशीर्वाद.

काकांना सांग, उंट घेऊन गप्प बसायला गुलेद म्हणजे कुणाचं हरवलेलं जनावर नव्हतं. बोटीची सोय झाली की निघतो. समतरला मी बघून घेईन. तू मला शहाणपण शिकवू नकोस, आईकडे बघ. तिच्या पोटात काही जातं का, तेवढं कळव.

तुझा,
रोबले

बुराओ, १ मार्च

ती. दादास सलाम वि. वि.

निवाडा झाला. उंट ठरले, शिवाय वैर कायमचं मिटावं म्हणून समतरची धाकटी बहीण बरवाको, तुझी बायको म्हणून. पोरीला घेऊनच आले होते. मान खाली, ओठ पांढरे पडलेले.

आई उठली ती थेट बाभळीखाली, मी तिच्या मागोमाग. काका ओरडले, वहिनी, मागे फिर! ती थांबली नाही. म्हणाली, उंट कुळाचे, कुळाने घ्यावेत. पण ही पोर मला नको. रोज हिच्या चेहऱ्यात मी हिच्या भावाला बघायचं, आणि हिने माझ्या डोळ्यांत काय बघायचं?

वडीलधारे म्हणाले, दिलेली मुलगी नाकारणं म्हणजे अपमान, तह मोडेल. तेव्हा आईने आपली शाल पोरीवर घातली. म्हणाली, नाकारत नाही, घेतली. आता ही माझी लेक. आणि लेकीला कुठे धाडायचं ते आई ठरवते.

आईने पोरीचा हात धरून तिला तिच्या आईच्या दारापर्यंत सोडलं.

वैर मिटलंय, दादा. तू ते उकरू नकोस. परत आल्यापासून आई अंगणात मातीत बसून गुलेदला हाका मारतेय. तिला उचलून आत न्यायला मी एकटी पुरत नाही.

लवकर ये.
दहाबो