भागोजीचा घास

करंजवाडी, ता. पोलादपूर
३ सप्टेंबर २०२५

चि. अश्वजित यास आवडीआत्याचा सप्रेम जय भीम.

फोनवर तू भाषण करतोस, मला मध्ये शिरता येत नाही, म्हणून पत्र. आम्ही खुशाल. गुडघा कुरकुरतो, पण ऐकून घेते, तुझी सवय आहेच.

तुझी कादंबरी वरच्या वाडीत पोचली. तुळसाच्या नातीने, अक्षदाने, कॉलेजातून आणली. दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई, माझगाव बंदरावर कापसाच्या गाड्या लुटणारी टोळी, आणि तिच्यात आपल्या गावचे दोघे; पोर हरखली. आजीला रोज मोठ्याने वाचून दाखवायची. भागोजी पोलिसांना साथीदारांची नावं सांगतो, तिथे ती थांबली. तुळसाने पुढे वाचायला लावलं.

भागोजी तिच्या सासऱ्याचा आजा. मुंबईला गेला तो परतला नाही, एवढंच त्या घराला ठाऊक. मेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून सर्वपित्रीला त्याच्या नावाचा घास कौलांवर ठेवतात. पाच पिढ्या ठेवला. काल तुळसा मला म्हणाली की सोबत्यांना विकून जो मजेत राहिला, त्याला या घरातनं आता घास नाय. मी तिचा चहा प्यायले आणि खाली मान घालून आले.

खरं काय ते काशीबाई आजीने मला सांगितलं होतं आणि मी तुला. तुझा फोन समोर रेकॉर्डिंगला लावलेला होता. नावं कोणी सांगितली, अश्वजित? अमावास्या एकवीसला आहे.

सुनेला आणि बुद्धरत्नला आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
आवडीआत्या


महाड
९ सप्टेंबर २०२५

ती. आवडीआत्यास अश्वजितचा सविनय जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. गावात ज्यांची पाणवठ्याची वाट वेगळी, ते दोघे बंदरावर एका थाळीत जेवले, हे मला सांगायचं होतं. ते मी सांगितलं आणि त्याची मला लाज नाही.

फितूर आपल्या घरचा रामजी होता, हे मला ठाऊक होतं. पण तूच सांग, ज्यांच्या नावावर शतकानुशतके प्रत्येक चोरी आणि प्रत्येक रोगाची साथ लिहिली गेली, त्यांच्याच माणसाला मी स्वतःच्या हाताने फितूर लिहू? उद्या तेच पान माझ्या तोंडावर फडकवतील. मी सभेत उभा राहतो तेव्हा एकटा उभा नसतो.

आणि घासाचं म्हणशील, तर मेलेला जेवत नाही हे मी तीस वर्षं गावोगाव सांगतो आहे. एक खुळी रूढी बंद पडली, तर कोणाचं काय गेलं?

बुद्धरत्नची परीक्षा आटोपली. तुझी काळजी वाटते. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
अश्वजित


करंजवाडी
१४ सप्टेंबर २०२५

चि. अश्वजित यास जय भीम.

भाषण झकास. टाळ्या वाजवायला इथे मी एकटीच होते.

मीही कोणाला घास ठेवत नाही. पण त्या घरात भागोजीला तेवढीच जागा होती, आणि ती तू काढलीस. आपल्याविषयी खोटं लिहिलं गेलं म्हणून तू जन्मभर बोललास. मग तेच दुसऱ्याच्या माणसाविषयी लिहिताना तुझा हात कसा अडला नाही? नाव तरी बदलायचं होतंस.

एक गोष्ट फोनसमोर सांगितली नव्हती. रामजी सुटून आला तो वरच्या वाडीच्या पायवाटेने पुन्हा चढला नाही. महाडच्या बाजाराला ओढ्याकडून लांबून जायचा. त्याच्यामागे आपलं सगळं घर तसंच जातं. लहानपणी तू विचारायचास, तेव्हा चढ कमी म्हणून मी सांगायचे. चढ तेवढाच आहे.

मी तुळसाला सांगू शकले असते. पण लिहिलं तू.
आशीर्वाद आहेतच.
आवडीआत्या


महाड
२२ सप्टेंबर २०२५

ती. आवडीआत्यास अश्वजितचा जय भीम.

काल तुझ्याकडे न येता तसाच परत फिरलो, रागावू नकोस. वरच्या पायवाटेने गेलो. अर्ध्या तासाची वाट. दीडशे वर्षं आपण ती चुकवली.

तुळसाकाकू अंगणात होत्या. मी सगळं सांगितलं. नावं आमच्या रामजीने दिली. भागोजीला विचारलं तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही, म्हणून तो काळ्या पाण्यावर गेला आणि तिकडेच संपला. हे मला माहीत असून मी उलटं लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन, असंही म्हणालो. अक्षदा माझ्याकडे बघत नव्हती. काकूंनी विचारलं की रामजीला तरी झोप लागायची का. मी लांबच्या वाटेचं सांगितलं. त्या आत गेल्या, केळीच्या पानावर भात, वडा आणि भोपळ्याची भाजी घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, आमच्याकडनं एवढी वर्षं गेला, आज तुमच्या हातनं जाऊ दे.

आत्या, मी शिडी चढलो. घास कौलांवर ठेवला आणि खाली येऊन हात जोडले. कावळा येईना. फणसावर दोन बसले होते, हलत नव्हते. मी भागोजीची माफी मागायला लागलो. रामजीची भीती, पोलिसांचा मार, त्या काळचा अन्याय, माझी चूक, एकातून एक निघत गेलं. तुम्ही सगळे म्हणता तसंच झालं असणार, कारण तुळसाकाकू मागून शांतपणे म्हणाल्या की मास्तर, भाषण आटपा, म्हणजे येल.

मी गप्प झालो.

पुढच्या खेपेला त्याच वाटेने तुझ्याकडे उतरेन. तोवर मनात जागा ठेव.
तुझा,
अश्वजित