पेटीच्या दारातली चिंधी

अल्गिस, मधमाश्यांच्या पेटीचं दार चिंधी कोंबून बंद केलंस म्हणे! तुझ्या लेकीनं, रूतानं लिहिलं म्हणून कळलं. अरे, माश्या थंडीनं मरत नाहीत, आत कोंडलेल्या ओलीनं मरतात. तू नाकात बोळे घालून झोपून बघ एकदा.

असो. देव तुम्हा सगळ्यांना सांभाळो. माझा पाय बरा आहे. आत घातलेला खिळा डॉक्टरला फार आवडलाय, मला नाही. इथलं बीटचं सार म्हणजे नुसतं लाल पाणी. रूताचा खोकला गेला का?

आधी चिंधी काढ. उंदीर शिरणार नाही एवढीच फट ठेव. रूता म्हणते, आतला आवाज बारीक झालाय. मध संपलाय की राणीमाशी गेलीय, ते तुला कळायचं नाही, आणि मला कौनासच्या दवाखान्यातून ऐकू यायचं नाही. पेटीला कान लावला की प्रानासला कळतं.

हो, शेजारचा प्रानासच. कुंपणावरून तीन महिने बोलत नाहीस ना त्याच्याशी? हे मोहोळ त्यानंच दिलेलं. आपल्यात माश्या विकत नाहीत, देतात, आणि दिल्या की दोन्ही घरं सोयरी होतात. सोयरे भांडले तर मोहोळ हिवाळा काढत नाही, असं माझी आई म्हणायची. मी हसायचे. आता हसू येत नाही.

बर्फ पडायच्या आत टोपी काढून त्याच्या दारी जा. कुंपण गेलं खड्ड्यात.

या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. पेटीला कान लावून प्रानासनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. त्याचं अक्षर मी ओळखते.

— आई