दुसरी हाक

टेंभुर्णी, सोमवार

प्रिय फरहाना,

हातात फोन असताना पत्र कशाला लिहिलं, असं म्हणशील. म्हण. कारण शेवटी सांगते, मधीच उडी मारून वाचू नको. चौथीपर्यंत शिकलेली बाई लिहून राह्यली, काना-मात्रा इकडची तिकडं झाली तर हसू नको. हसलीस तर मला कळू देऊ नको.

आधी खरं बोलून घेते, गोड बोलायला मला जमत न्हाई. मी तुझ्यावर जळते. पुण्याच्या मंडळींनी तुला 'वाचक'च्या सगळ्या जिल्ह्याची मुख्य केलं त्या दिवसापासून जळते. तू शहरातून, मस्तगडहून पेढे घेऊन आल्तीस. मी एक तोंडात टाकला, लई गोड हाय म्हणलं, आणि तुझी बस हलली तशी सगळा पुडा शेजारच्या साळूबाईच्या घरी देऊन आले. मुख्य म्हणजे काय, पगार तर एक रुपया न्हाई. गावोगाव हिंडायचं, बायांना फोनमधलं ते कागद बोलून दाखवणारं वाचक शिकवायचं, कुठं अडतं ते पुण्याला कळवायचं. बिनपगारी कामाचा बी मला हेवा वाटावा, मी कशी बाई असंल बघ.

तुला आठवतं का, बियाणं निवडायच्या शेडमध्ये आपण शेजारी बसायचो. तू बारावी झालेली, मी अशी. जेवणाच्या सुट्टीत मी पदराची गाठ सोडून कागद काढायची आणि तू वाचायचीस. दवाखान्याचा कागद, ग्रामपंचायतीचा, दिरानं पाठवलेली वाटणीची नोटीस. अक्षरं मला लावता यायची, पण असल्या कागदाची भाषा डोक्यावरून जायची. पंधरा वर्षं तू माझे कागद वाचलेस, एकदा सुद्धा तोंड वाकडं केलं न्हाईस. मोठ्या बहिणीसारखं मला आपा म्हणायचीस. पण तू वाचत असताना मी कागदाकडं न्हाई, तुझ्या तोंडाकडं बघायची. तुझ्या कपाळाला आठी पडली की मी पदराची गाठ परत बांधायला घ्यायची. आपल्या नशिबात काय लिहिलंय ते दुसरीच्या तोंडावर बघायचं, हे कसं असतं ते तुला न्हाई कळायचं.

मंग एक दिवस तू तुझ्या फोनमध्ये ते वाचक दाखवलंस. माझ्या गोळ्यांच्या डबीसमोर फोन धरला आणि तो बोलला, सकाळी एक, जेवणानंतर. मी विचारलं, कुण्या कंपनीचं हाय, उद्या पैसे मागतील का? तू म्हणलीस, आपा, कुणाचंच न्हाई आणि सगळ्यांचं हाय. ज्याला येतं त्यानं उघडून बघावं, चुकलं तिथं दुरुस्त करावं, दुरुस्त केलेलं सगळ्यांना फुकट. मला वाटलं, असं कुठं असतंय व्हय, गावच्या विहिरीला सुद्धा मालक असतो. पण माझ्या फोनमध्ये बी टाकून घेतलं, घरी जाऊन सगळे जुने कागद काढले आणि एकेक करून ऐकले. त्या दिवशी मी कुणाच्याच तोंडाकडं बघितलं न्हाई.

म्हणूनच मी जीव लावून हिंडले. शिक्क्याची गोष्ट कुणी शोधली? कागदावर शिक्का मारलेला असला की वाचक मुकं व्हायचं. आता आपल्याकडं बिनशिक्क्याचा कागद असतो तरी का? मी दारोदार जाऊन तीस शिक्क्यांचे कागद गोळा केले, लोक म्हणले बाई येडी झाली. तू फोटो काढून पुण्याला पाठवलेस. महिन्याभरात त्यांनी दुरुस्त केलं. आणि संभाजीनगरच्या मोठ्या बैठकीत तू माईकवर उभी राहून काय म्हणलीस? आमच्या टीमनं शोधलं. टीमनं! टीम म्हणजे मी आणि माझ्या चपला. मी तिसऱ्या रांगेत बसल्ते, नवी साडी नेसून. नाव येईल म्हणून पदर सुद्धा सारखा करून ठेवला होता.

मंग पेपरात तुझा फोटो आला, डोक्यावर ओढणी, गळ्यात निळ्या फितीचं कार्ड. आमच्या गल्लीतली बेबीनंदा तो पेपर मुद्दाम मलाच दाखवायला घेऊन आली. म्हणे, तुमची मैत्रीण लई मोठी झाली हो. मी म्हणलं, उंची तर तेवढीच हाय. ती हसली, मी न्हाई.

आता मागच्या गुरुवारचं. तू टेंभुर्णीत बैठक ठेवलीस. त्याच्या तीन दिवस आधी उन्हातान्हात एकतीस घरं हिंडून तू आवतन दिलंस, गुरुवारी दोन वाजता समाजमंदिरात या म्हणून. घरोघर चहा प्यालीस. मला चल म्हणलीस तर मी गुडघा धरला. गुडघा ठणठणीत होता. गुरुवारी तू एकटीनं समाजमंदिर झाडलंस, सतरंजी टाकलीस, पुण्याहून दोघी आल्त्या त्यांना बसवलंस. दोन वाजले, अडीच वाजले. तू मला फोन केलास, आपा, अजून कुणीच न्हाई गं. मी म्हणलं, येतील, आवरत असतील. चार वाजता मी तिथं आले. एकतीस बायांच्या सतरंजीवर तुम्ही तिघीच. तू विचारलंस, आपा, माझं काय चुकलं? आणि मी म्हणलं, आमच्या बाया तशाच, फुकटाची किंमत न्हाई त्यांना. तू सतरंजीची घडी घालायला लागलीस. दुसरं टोक पुण्याच्या पोरीनं धरलं. मी तिथंच उभी होते, मी टोक धरलं न्हाई.

फरहाना, बाया तयार बसल्त्या. एकूणएक तयार बसल्त्या. आमच्याकडं पहिलं आवतन म्हणजे नुसतं कळवणं. ज्या दिवशी काम असतं त्या दिवशी, वेळेवर, कुणीतरी परत दारात जाऊन हाक मारावी लागते, चला बायांनो, सतरंजी टाकलीय. दुसरी हाक आल्याबिगर बाई उंबरा ओलांडत न्हाई. ओलांडला तर लोक म्हणतात, आधाशासारखी आली. तुमच्या मस्तगडात घड्याळ बघून माणसं जमतात, तुला हे कसं माहीत असणार? मला माहीत होतं. पंचवीस वर्षं मी या गावात हेच करते, बारसं असू दे न्हाई तर डोहाळजेवण, दुसरी हाक दैवशालाच मारते. दोन गल्ल्या फिरायच्या, पाव तासाचं काम. मी उठले न्हाई. मशीनवर एक झंपर शिवत बसले. बाही उलटी लावली, उसवली, परत उलटीच लावली.

साळूबाईनं पेटीतलं लुगडं काढलं होतं. झुंबरबाईंनी रेशनकार्ड, गोळ्यांची पाकिटं, मेलेल्या नवऱ्याचे दवाखान्याचे कागद, सगळं एका पिशवीत भरलं होतं आणि ती पिशवी मांडीवर घेऊन म्हातारी तीन तास ओट्यावर बसली. दिवस कलल्यावर मलाच विचारलं, का गं, हाक आली न्हाई, मोडलं का? मी म्हणलं, हां, मोडलं.

एवढं करून बी मला वाटलं होतं, झालं ते झालं, तुझं नाक थोडं खाली झालं, बराबरी झाली. पण परवा पुण्याहून फोन आला. म्हणले, फरहानाताईंनी कळवलंय की टेंभुर्णीत चूक त्यांचीच झाली, खेड्यातलं त्यांना उमगत न्हाई, शिक्क्याचं काम बी मुळात तुम्हीच केलं होतं, तर जिल्ह्याची मुख्य दैवशालाआपांना करा. जे पाहिजे होतं ते सवताहून दारात आलं, आणि मला हो म्हणवंना. मी त्यांना म्हणलं, येत्या गुरुवारपर्यंत थांबा. काल एकतीस घरं हिंडले आणि दर दारात सांगितलं, हाक मी मारली न्हाई, फरहानाची काही चूक न्हाई. झुंबरबाई तोंडावर म्हणल्या, जळकी गं तू. म्हणलं, हाय. अजून बी हाय, एका दिवसात जात न्हाई ते. म्हणून एक अट घालते, गुरुवारी शिक्क्याची गोष्ट सांगशील तेव्हा माझं नाव घे, पूर्ण नाव, मोठ्यानं. मुख्य तूच राहा, दुसरी हाक माझ्याकडं दे. फोन केला असता तर तू लगेच माफ केलं असतंस, तुझी खोडच हाय ती, आणि फोनवरचं आवतन मी आवतन धरत न्हाई. म्हणून हे हातानं लिहिलं आणि कलीम जीपवाल्याच्या हातून पाठवून राह्यले. गुरुवारी दोन वाजता, समाजमंदिरात, सतरंजी मी टाकते. हे झालं पहिलं आवतन. गुरुवारी पहिल्या बसनं मी मस्तगडला येते आणि तुझ्या दारात उभी राहून दुसरी हाक मारते. तवर उंबरा ओलांडू नको.

तुझीच, सतरंजीचं टोक न धरलेली,
दैवशाला