दुर्बिणीतला दोरा

मंठा, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, दिवेलागण

कमलच्या वडिलांनी, तात्यांनी, बोलावणं धाडलं. तिचा होणारा नवरा उद्या रानडुकरांच्या शिकारीला जाणार आणि त्याच्या रायफलीवरची दुर्बीण तिरकी. "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, हे तरी येतं न्हवं?" तात्या म्हणाले. राग गिळून गेलो.

रायफल पाटावर सपाट बसवली. अंगणाच्या पार टोकाला कमल ओळंबा, वजन बांधलेला दोरा, धरून उभी राहिली. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याला जुळली की पेच आवळायचे, एवढंच काम. रेघ तिरकी राहिली तर जवळचा नेम लागतो, पण लांबची गोळी बाजूला जाते. मला मात्र दोरा दिसंना, तीच दिसून राह्यली.

"दोऱ्याकडं बघ की रे," ती हसून म्हणाली. तेवढ्यात तात्या बाहेर आले. लगेच म्हणते, "दादा, झालं का बराबर?"

दादा! दिवाळीपर्यंत नावानं हाक मारायची.

"झालं," म्हणालो, आणि दोऱ्याकडं न बघताच पेच आवळून टाकले.

आता डोकं निवल्यावर कळतंय, तिरकीच राहिली असंल. जखमी डुक्कर माणसावर उलटतं. त्याला काही झालं तर रडणार कोण? तीच ना.

पहाटे जावं लागंल. दोरा पुन्हा तिलाच धरायला सांगावं लागंल.