बरणीतली हवा

आई, पाच टक्केच बरोबर होतं. परवा सुनेबरोबर दवाखान्यात गेले होते, गंगापूर रोडलाच, तुझ्या जुन्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर. तिथली लॅबमधली मुलगी सुनेला समजावत होती की गर्भ वाढवायच्या पेटीत आम्ही ऑक्सिजन पाच टक्क्यांवर ठेवतो, बाहेरच्या हवेत एकवीस असतो, तेवढा त्यांना सोसत नाही. "आता बहुतेक सगळीकडे असंच करतात, काकू," असं मलाही हसून सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सुनेला वाटतंय मला तिचे उपचार पसंत नाहीत. तिला काय सांगू, की हेच वाक्य मी चौदाव्या वर्षी आपल्या स्वयंपाकघरात ऐकलंय, तू पोळ्या लाटत होतीस, आणि ते ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तू त्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचीस, आणि मग डॉक्टर मुंबईला जाऊन ते टेस्ट-ट्यूब बाळाचं नवं तंत्र शिकून आल्यावर त्यांनी तुला मागची छोटी खोली दिली. त्या खोलीत एक गरम पेटी, आणि पेटीत गर्भ ठेवायची ती जाड काचेची बरणी. बरणीच्या कडेला पांढरं ग्रीस लावायचं, झाकण सरकवून बसवायचं, मग सिलिंडरमधला गॅस पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आत सोडायचा आणि तोटी बंद करायची. डॉक्टर म्हणायचे साधी हवाच बरी, तिच्यात थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळला की झालं. तू कुठलासा इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन वाचलास आणि हटून बसलीस. "आईच्या पोटात कुठे एवढा ऑक्सिजन असतो, सर? तिथे कमीच असतो. आपण त्यांना जास्त पाजतोय." बारावी झालेली, डिप्लोमा केलेली बाई डॉक्टरांना शिकवतेय, म्हणून सगळा दवाखाना गालात हसला. पण तू पाच टक्क्यांचा सिलिंडर मागवायला लावलासच.

आणि आपल्या घराचं काय झालं? ज्या आठवड्यात बरणी भरलेली, त्या आठवड्यात घरात उदबत्ती बंद, पावडर बंद, मिरचीची फोडणी बंद. वास कपड्यांना चिकटतो आणि तिकडे त्यांना बाधतो म्हणे. खोबरेल तेलाला तू हात लावायची नाहीस, म्हणून माझी वेणी माझी मीच घालायची, आणि ती नेहमी एका बाजूला जायची. वर्गात मुली फिदीफिदी हसायच्या. पप्पा चेष्टा करायचे, "चिडतेस काय? तुझी भावंडंच आहेत ती, राखी बांध जा." तुम्ही दोघं हसायचात. मला मात्र खरंच भावंडं झाल्यासारखं वाटत होतं, आणि तीही लाडकी. मला तू 'अगं ए' म्हणायचीस. एकदा डबा द्यायला आले तर त्या खोलीतून तुझा आवाज आला, "झोपा हं पिल्लांनो, संध्याकाळी येते." दाराबाहेर उभी राहून मी तो डबा तुझ्या डोक्यात घालावा असं मनात आणलं होतं. खोटं कशाला बोलू?

एकदा मी भांडलेही. माझ्यासाठी तुला वेळ नाही, म्हटलं. तू ओरडली नाहीस. लाटणं खाली ठेवून म्हणालीस, "तुला घर आहे, शाळा आहे, पप्पा आहेत, शेजारच्या मावशी आहेत. त्यांना माझ्याशिवाय कोण आहे गं?" ते मला जास्तच झोंबलं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कळवणची ती बाई आली. लग्नाला अकरा वर्षं, सासू पदोपदी दुसरी सून आणायच्या गोष्टी करणारी. ती आठ-दहा दिवस वरच्या वॉर्डात होती. मी शाळेतून तिकडे जायचे, तेव्हा व्हरांड्यात बसवून माझी वेणी ती घालायची, चापूनचोपून, बरोबर मधोमध. "ताई, लय गुणाची हाय तुमची पोर," असं तुला सांगायची, आणि तू, "गुणाची? घरी येऊन बघा!" मला ती आवडायची, आई. हे मुद्दाम लिहिते, कारण मी जे केलं ते तिच्यावरच्या रागानं केलं नाही. तिचा तर मला त्या क्षणी विसरच पडला होता.

वक्तृत्व स्पर्धा होती. "पाच वाजता येतेच गं," असं तू सकाळी म्हणाली होतीस. आदल्या दिवशी त्या बाईची बीजं काढली होती, आणि स्पर्धेच्या दुपारी तिचे दोन गर्भ बरणीत ठेवले होते. मला ते ठाऊक होतं, तरी मी वाट पाहिली. भाषण करताना पहिल्या रांगेकडे बघत राहिले. पहिला नंबर आला, ढाल मिळाली, सगळ्यांच्या आया टाळ्या वाजवत होत्या. मी ढाल सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि तरातरा दवाखान्यात आले. खोलीत तू नव्हतीस. कुणाचं तरी रक्त काढायला वर गेली होतीस, सिलिंडर बदलण्यात दुपार गेली आणि वरची कामं साठली, असं आयाबाईंनी सांगितलं.

मी गरम पेटी उघडली. बरणीचं झाकण सरकवलं, जड होतं, ग्रीसवरून बुळबुळत सरकलं. मला बघायचंच होतं की माझ्या आईला माझ्यापासून कुणी ओढून नेलंय. आत काय होतं? एक बशी, तिच्यात गुलाबी पाण्याचे दोन थेंब. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नाही. इतका संताप आला! दोन थेंबांसाठी! किती वेळ तशी उभी होते ते सांगता येणार नाही, मिनिट असेल, दहा असतील. जिन्यावर तुझ्या चपला वाजल्या तेव्हा झाकण परत सरकवलं आणि पेटी लावली. झाकण उघडलं की पुन्हा गॅस सोडावा लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुला तसं करताना मी पंचवीस वेळा बघितलं होतं. मी सोडला नाही, आणि तुला सांगितलंही नाही. तू आलीस, ढाल बघून "अगं बाई, पहिला!" म्हणालीस, मला जवळ घेतलंस. मी लाकडासारखी उभी.

दुसऱ्या दिवशी त्या गर्भांचे नुसते तुकडे झाले होते. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर खापर तुझ्या पाच टक्क्यांवर फोडलं. "मी सांगत होतो, एवढ्याशा ऑक्सिजनमध्ये जीव जगतो का? गुदमरले." आणि खरं तर रात्रभर त्यांना आपली ही बाहेरचीच हवा मिळाली होती, एकवीस टक्के, माझ्या कृपेनं. तू एवढंच म्हणालीस, "माझं काही चुकलं असेल, सर. गॅस नाही चुकला." सिलिंडर परत गेला. महिन्याभरात त्या खोलीत मुंबईचा माणूस आला आणि तू पुन्हा रक्त-लघवीच्या टेबलाशी. कळवणची बाई पिशवी घेऊन एस.टी.ला निघाली तेव्हा उलट तुझीच समजूत घालत होती, "ताई, रडू नका. तुमचा काय दोष? आता सासू पुन्हा यायला देणार नाय, एवढंच." ती पुन्हा आली नाही.

त्यानंतर तू माझी झालीस. साडेपाचला घरी, गरम जेवण, अभ्यासाची चौकशी, दहावीला पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. आठ वर्षांनी तू गेलीस. तुझ्या उशाशी मी महिनाभर होते, रोज सांगायचं ठरवत होते आणि रोज पाणी हवं का एवढंच विचारत होते.

पण आज लिहायला बसले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या स्पर्धेच्या संध्याकाळी घरी आल्यावर तू माझी बाही धरून विचारलंस, "हे कसलं लागलंय?" मी म्हटलं, सायकलच्या चेनचं ग्रीस. तू बघत राहिलीस, म्हणालीस "बरं," आणि शर्ट भिजत घातलास. सायकलचं ग्रीस काळं असतं गं. माझ्या बाहीवर होतं ते पांढरं. तेव्हा तुझ्या लक्षात आलं नसेल कदाचित, पण दुसऱ्या दिवशी, सगळे तुला बोलत असताना, आलं नसेल असं होणार नाही. रोज त्या ग्रीसमध्ये हात घालणारी बाई तू. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही असंही नाही, मी सुचू दिलं नाही. तू एक वाक्य बोलली असतीस तर तुझे पाच टक्के टिकले असते, कळवणच्या बाईला डॉक्टरांनी आणखी एक संधीही दिली असती. तू गप्प बसलीस.

हे पत्र सुनेला वाचायला देईन असं ठरवून सुरू केलं होतं. देणार नाही. तिचे दोन गर्भ आत्ता त्या पेटीत आहेत आणि ती मला चांगली बाई समजते. शिवाय तू गप्प बसलीस ती माझ्यासाठी, हे या कागदावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आधी मनात आलं ते एवढंच, की म्हणजे शेवटी त्या बरणीपुढे मीच जिंकले.